नालवाडीचा चेंडू

कॉलेजात हॉकी शिकवायला मी रुजू झालो आणि तिसऱ्याच दिवशी कॉलेजचा एकुलता एक चेंडू चाकूने कापला. माझ्या नोकरीची सुरुवात ही अशी आहे. पुढे इतकी वर्षं मुलांना सामानाची काळजी घ्यायला शिकवणारा माणूस तो हाच, हे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

वस्तू आतून कशी असते हे पाहायची मला लहानपणापासून खोड. घरातलं गजराचं घड्याळ मी दोनदा उघडलं आणि दुसऱ्यांदा ते कायमचं गप्प झालं. बाबा बडनेऱ्याला रेल्वेत होते. त्यांनी मारलं नाही, फक्त म्हणाले, ‘‘याच्या हाती सोन्याची कोंबडी देऊ नका, पोट फाडून पाहील.’’ हॉकी मी तिथल्याच रेल्वेच्या मैदानावर, फिटर आणि फायरमन लोकांमध्ये घुसून शिकलो. तेव्हाही गोल किती झाले यापेक्षा चेंडू कधी उसळतो, कधी सरपटतो आणि का, याचंच मला जास्त कुतूहल असे.

चेंडू कापला त्याला कारण होतं. वर्ध्याचं हे कॉलेज पिपरीच्या रस्त्याला, शेतांच्या कडेला, नुकतंच उभं राहिलेलं. वर्धा तेव्हा मध्यप्रदेशात होतं आणि आमची राजधानी नागपूर. कॉलेजात सगळे खादी घालत. रोज अर्धा तास सूत कातायचं, शुक्रवारी संध्याकाळी मैदानात प्रार्थना. अशा ठिकाणी हॉकी कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण विद्यापीठाच्या कागदावर खेळांचा रकाना रिकामा दिसत होता, म्हणून मला घेतलं. तेही वर्ष संपेपर्यंतच. उन्हाळ्याआधी कॉलेजची समिती बसणार, संघ उभा राहिलेला दिसला तर हॉकी राहणार आणि मी राहणार. नाहीतर बडनेऱ्याच्या पार्सल ऑफिसात बाबांनी माझ्यासाठी शब्द टाकूनच ठेवला होता. दुसऱ्यांच्या आंब्याच्या करंड्यांवर चिठ्ठ्या डकवत जन्म काढायचा, हा विचारही मला नकोसा वाटायचा.

प्राचार्यांना सगळे आचार्यजी म्हणत. उंच, वाळकुडे, आवाज कधी न चढवणारे. तिसऱ्या दिवशी ते मैदानावर आले, स्टिक हातात घेऊन पाहिली, परत दिली. मग चेंडू उचलला.

‘‘हा कशाचा?’’

‘‘चामड्याचा.’’

‘‘ते दिसतं. जनावर मारून काढलेल्या चामड्याचा, की आपसूक मेलेल्या?’’

मी फायरमन लोकांकडून हॉकीतल्या पंचवीस गोष्टी शिकलो होतो, पण हा प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता. आचार्यजींच्या पायातल्या चपला मेलेल्या जनावराच्या कातड्याच्या असत हे मला नंतर कळलं. मारलेल्याचं चामडं ते अंगाला लागू देत नसत. मी म्हणालो, ‘‘पाहून सांगतो,’’ आणि ते गेल्याबरोबर खरंच पाहायला बसलो. चाकूने टाके उसवले. आत दोरा, दोऱ्याच्या आत बूच. चामडं उलटं केलं, हुंगलं. मारलेलं की मेलेलं, काही कळेना. मुलं गोल करून उभी होती. पिपरीचा आमचा सेंटर फॉरवर्ड घरचा भाजीवाला, सकाळी बाजारात वांगी उतरवून मग कॉलेजात यायचा. तो हळूच म्हणाला, ‘‘सर, मंग आता खेळाचं काय?’’

मग त्यानेच सांगितलं, ‘‘नालवाडीले एक मिस्त्री हाये. कातड्याचं त्याइले इचारा.’’

नालवाडी गावाबाहेर, चालत अर्ध्या तासावर. मिस्त्री पन्नाशीचे, कानावर केस, मांडीवर चामड्याचा तुकडा अंथरून बसलेले. घराबाहेर कातडं कमवायचं बाभळीच्या सालीचं पाणी हौदात काळंकुट्ट झालेलं, त्याचा वास नाकात भरून राहायचा. मी चेंडूचं उसवलेलं कातडं पुढे केलं. त्यांनी ते उन्हाकडे तिरपं धरलं, अंगठ्याने चोळलं आणि क्षणात सांगितलं.

‘‘कापलेल्याचं हाये.’’

‘‘कसं ओळखलं?’’

त्यांनी दुसरं, आपल्याकडचं कातडं माझ्या हातात दिलं. ‘‘हे पाहा. जनावर कापलं का रगत निंगून जाते. आपसूक मेलं का रगत आतच राह्यते. मंग शिरा उमटते.’’

मी तिरपं धरून पाहिलं. खरंच, म्हाताऱ्या माणसाच्या हातावर असाव्यात तशा बारीक शिरा कातडीभर पसरल्या होत्या. मला इतका आनंद झाला की विचारू नका. त्यानंतरचा महिना मी वर्ध्यात दिसेल त्याच्या चपला उलट्या करून पाहत होतो. घरमालकाच्या पाहिल्या, टपालवाल्याच्या पाहिल्या, खानावळीच्या दारातल्या तर ओळीने पाहिल्या आणि चप्पलचोर म्हणून एकदा दंडाला धरला गेलो. मुलांनी माझं नाव चप्पलमास्तर पाडलं. पाडू दे. मला शिरा दिसायला लागल्या होत्या.

आचार्यजींना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, ‘‘मग या चेंडूने इथे खेळता येणार नाही. आपला चेंडू आपण करा, आणि खुशाल खेळा.’’ स्टिकचं लाकूड सरसाने चिकटवतात आणि सरस जनावरांची हाडं-कातडी उकळून होतो, हे मला ठाऊक होतं. त्याबद्दल त्यांनी विचारलं नाही, मीही बोललो नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तर चेंडू करणं आलं. मिस्त्रींनी जन्मात हॉकी पाहिली नव्हती, पण मी नियम सांगितले तसे त्यांचे डोळे चमकायला लागले. त्यांनाही माझ्यासारखीच खोड असावी. आत काय भरायचं, यावर आमचे किती दिवस गेले. पहिल्यांदा बाभळीची गाठ घालून पाहिली. तो चेंडू आमच्या राइट हाफच्या नडगीला लागला आणि तो आठ दिवस लंगडला. मग मला सुचलं की कॉलेजात रोज एवढं सूत कातलं जातं, त्यातलं तुटकंफाटकं टोपलीत पडून असतं. ते बुचाभोवती ओलं करून आवळून गुंडाळलं. मिस्त्रींनी वर कातडं शिवलं. वजन किती असावं हे मला औंसात माहीत, त्यांना तोळ्यात. शेवटी गावातल्या सोनाराकडे गेलो. तो हसला, पण तागडीत चेंडू ठेवून त्याने वजन केलं, सोळा तोळे. व्हायला हवं होतं साडेतेरा.

‘‘दोन-अडीच तोळं काय मोठी गोठ हाये?’’ मिस्त्री म्हणाले.

‘‘तुमच्या नडगीला लागलं म्हणजे कळेल.’’

ते खूप हसले. मला म्हणाले, ‘‘मास्तर, तुमी माणूस बरे हा. पण तुमाले घाई लय.’’

दुसरा, तिसरा, चौथा चेंडू झाला. त्यांचं कातडं मऊ, मारलेल्या जनावराच्या कातड्यासारखं ताठ राहत नसे. टोला मारला की टक्क असा आवाज न येता भिजलेल्या उशीवर काठी मारल्यासारखा यायचा, आणि चेंडू वीस पावलांवर जाऊन बसायचा. पण याच चेंडूने आमच्या मुलांना एक वेगळंच वळण लावलं. लांब टोला उपयोगाचा नाही म्हटल्यावर ती चेंडू स्टिकला चिकटवून पळायला लागली, दोन-दोन हातांवर एकमेकांना ढकलत. आमचा गोलकीपर कारंज्याकडच्या जंगलातला, गोंड घरातला. तो चेंडू येताना पाहिला की आपल्या भाषेत त्याच्याशी काहीतरी बोलायचा. मी एकदा विचारलं, काय म्हणतोस त्याला? तो लाजून म्हणाला, ‘‘हळू ये म्हणतो, सर.’’ आणि चेंडू खरंच हळू यायचा. हे सगळं पाहताना मला वाटायचं की हॉकीचा हा एक नवाच प्रकार होऊन राहिला आहे, आणि तो जगात फक्त पिपरीच्या रस्त्यावर आहे.

पण समितीला नवा प्रकार दाखवून भागणार नव्हतं. पौष संपता संपता ठरलं की नागपूरच्या एका कॉलेजचा संघ आमच्याकडे सामना खेळायला येणार, समितीची मंडळी खुर्च्या टाकून बसणार, आणि त्यावरून काय ते ठरणार. मी नालवाडीला धावलो. मिस्त्रींनी पाचवा चेंडू शिवायला घेतला होता. कातडं या वेळी त्यांनी वेगळ्या तऱ्हेने कमावलं होतं, बेहड्याचं पाणी जास्त देऊन, आणि ओलं असतानाच सुताच्या गोळ्यावर ताणून बसवलं होतं. सावलीत टांगलेला तो चेंडू मी बोटाने दाबून पाहिला. अजून दबत होता.

‘‘याले आठ दिवस वाळू द्या,’’ ते म्हणाले. ‘‘हा बराबर होते. मी सांगून राह्यलो ना.’’

‘‘सामना पाच दिवसांवर आहे.’’

‘‘मंग सामना पुढं ढकला.’’

सामना पुढे ढकलणं माझ्या हातात नव्हतं, आणि असतं तरी मी ढकलला नसता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी परत आलो. खोलीत टेबलाच्या खणात जुन्या चेंडूचं ते उसवलेलं कातडं पडलेलं होतं. दुपारची वेळ, मुलं वर्गात. मनात आलं, आपल्या सुताच्या गोळ्यावर हे कातडं बसवलं तर काय होईल? शपथेवर सांगतो, त्या घटकेला माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. फक्त पाहायचं होतं. मिस्त्रींजवळ बसून बसून टाका घालायला मी शिकलोच होतो. दोन तास बसलो, बोटं रक्ताळली, चेंडू शिवला, वर पांढरा रंग दिला. संध्याकाळी रंग वाळल्यावर मैदानावर नेऊन एक टोला मारला. टक्क! चेंडू मैदान ओलांडून वांग्याच्या वाफ्यात.

मुलं ओरडतच धावली. ‘‘सर, मिस्त्रीनं कमाल केली!’’

तेव्हा मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. एवढाच एक शब्द. तो मी उद्या म्हणीन असं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशीही उद्यावरच ठेवला. मुलं इतकी खूश होती. आणि खरं सांगायचं तर मला पार्सल ऑफिस दिसत होतं.

सामन्यात आम्ही हरलो, तीन-दोनने. पण नागपूरकरांना घाम फोडला. चेंडू चिकटवून पळायची आमची तऱ्हा त्यांना कळेचना, आणि वर आता आमच्या टोल्यालाही जोर आलेला. समितीतले एक जाडजूड गृहस्थ खुर्चीवरून उठून नाचायचेच बाकी होते. सामना संपल्यावर आचार्यजी मैदानात आले, चेंडू उचलला आणि रुमालाने पुसला. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी तोवर पाहिला नव्हता. ‘‘हिंसेवाचून खेळ होऊ शकतो, हे नालवाडीच्या एका कारागिराने दाखवलं,’’ ते समितीला म्हणाले. ‘‘येत्या शुक्रवारी प्रार्थनेत आपण त्यांचा सत्कार करू.’’

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर लख्ख ऊन पडलं होतं. शुक्रवारपर्यंत मी तीनदा नालवाडीच्या रस्त्याला लागलो आणि तीनदा अर्ध्यातून परत आलो. मिस्त्रींना आधी जाऊन सगळं सांगावं, त्यांनी सांभाळून घ्यावं, असं वाटायचं. मग वाटायचं, त्यांनी चिडून नाही म्हटलं तर? त्यापेक्षा सांगूच नये. रंग दिलेला चेंडू, तो काय ओळखणार आहेत. शिरा ओळखायला मला ज्यांनी शिकवलं, त्यांच्याबद्दल मी असा विचार करत होतो.

शुक्रवारी मिस्त्री आले. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, खांद्याला कापडी झोळी. त्यांना आचार्यजींनी हाताला धरून आपल्या शेजारी चटईवर बसवलं. त्या काळी, त्या गावात, कातड्याचं काम करणाऱ्या माणसाला शेदीडशे लोकांसमोर असं शेजारी बसवणं याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळत होता. मिस्त्रींना तर सगळ्यात जास्त. ते आक्रसून, गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. प्रार्थना झाली. मुलांनी कातलेल्या सुताचा हार त्यांच्या गळ्यात पडला. आचार्यजी दोन शब्द बोलले आणि चेंडू त्यांच्या हातात दिला.

मिस्त्रींनी तो सवयीने फिरवला. अंगठा टाक्यांवरून गेला आणि थांबला. पुन्हा एकदा गेला. मग त्यांनी नखाने रंग थोडा खरवडला आणि चेंडू मावळतीच्या उजेडाकडे तिरपा धरला. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मी खाली पाहायला लागलो.

‘‘आचार्यजी,’’ ते म्हणाले, ‘‘हा चेंडू म्या नाई शिवला.’’

त्यांनी गळ्यातला हार काढला, घडी करून चटईवर ठेवला आणि चेंडू त्याच्या बाजूला.

‘‘मग कोणी शिवला?’’

मिस्त्री समोरच्या लिंबाच्या झाडाकडे पाहत होते. त्यांनी माझा टाका ओळखला होता, त्यांच्याच हाताखाली तो मी शिकलो होतो. ‘‘मले मालूम नाई,’’ ते म्हणाले.

हे ऐकलं आणि मी उठलो. धैर्य वगैरे काही नाही, मला तिथे बसवेचना. ‘‘मी शिवला. जुनंच कातडं आहे, मारलेल्या जनावराचं. मिस्त्रींना यातलं काही माहीत नव्हतं.’’ शेजारून गोलकीपर माझा सदरा ओढत होता, खाली बसा म्हणून. आचार्यजींनी डोळे मिटले. मला वाटलं, आता ते म्हणतील की सामान बांधा, आणि म्हटलं असतं तर मला सुटल्यासारखं झालं असतं. पण ते मिस्त्रींकडे वळले.

‘‘फसवणूक तुमची झाली आहे. याचं काय करायचं ते तुम्ही सांगा.’’

मिस्त्रींनी थोडा विचार केला. ‘‘मास्तरले राहू द्या. पोट्ट्याइले चांगलं शिकवते. पण मले आता चेंडूसाठी बोलावू नोका.’’ एवढं बोलून ते उठले, आचार्यजींना हात जोडले आणि चालायला लागले.

मी नालवाडीच्या रस्त्यावर त्यांना गाठलं. माफी मागितली, ती त्यांनी ऐकली की नाही कळलं नाही. थोड्या वेळाने ते थांबले.

‘‘आठ दिवस मांगतले होते म्या. आठच दिवस. तुमी येऊन म्हटलं असतं का मास्तर सामन्यापुरतं जुनं कातडं लावून राह्यलो, तं म्या काऊन नाई म्हटलं असतं? म्याच आचार्यजीले सांगतलं असतं का चेंडू वाळला नाई. मले इचारलं काऊन नाई?’’

त्यांनी झोळीत हात घातला आणि पाचवा चेंडू बाहेर काढला. सत्कारात कॉलेजला द्यायला आणला होता. सामना कोणत्या चेंडूने झाला हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटलं, जुन्या चौथ्या चेंडूवर एवढं कौतुक होतं आहे तर हा पाहून काय म्हणतील. तो त्यांनी माझ्या हातात दिला. रंग नव्हता, तांबूस कातड्यावर त्या बारीक शिरा स्पष्ट दिसत होत्या. दाबून पाहिला, दबला नाही. टाके मोजून घातल्यासारखे सारखे. हातात तोलला तर वजनही बरोबर वाटलं, तेराच्या पुढे, चौदाच्या आत. तसा चेंडू मी नंतरही फार थोड्या वेळा पाहिला.

आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘मिस्त्री, याला एकदा टोला मारून पाहू?’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, मुलाकडे पाहावं तसं. चेंडू माझ्या हातातून काढून घेतला, झोळीत टाकला आणि नालवाडीकडे चालते झाले.

समितीने मला कायम केलं. पुढे जालंधरहून चेंडू मागवायचा कागद मी आचार्यजींपुढे ठेवला, तेव्हा चामडं कशाचं हे न विचारता त्यांनी त्यावर सही केली. त्या मैदानावर मी सत्तावीस वर्षं हॉकी शिकवली, विद्यापीठाच्या संघात मुलं पाठवली, निरोपाच्या वेळी हारही घेतले. मिस्त्री वाटेत भेटले तर रामराम करत, घरचं विचारत, मी गेलो तर पाणी देत. चेंडूचं नाव त्यांनी काढलं नाही आणि मलाही काढता आलं नाही. ते वारले तेव्हा मी गेलो होतो. लोक अंगणात उभे होते, मी दारातून आत पाहिलं, फळीवर हत्यारं होती, साचे होते. चेंडू कुठे आहे ते मी कोणाला विचारलं नाही. तो मारल्यावर कसा गेला असता, हे मला माहीत नाही.